पहिल्या वर्षाच्या वर्गातला ताऱ्याचा आरसा

मी ताऱ्याचा आरसा बोलतोय. नाव ऐकून भुलू नका. मी कुणाच्या महालातला नाही, माझ्या चौकटीला नक्षीही नाही. कॉलेजात मानसशास्त्राची पहिल्या वर्षाची मुलं ज्या खोलीत प्रयोग करतात, तिथल्या कपाटाच्या खालच्या खणात मी राहतो. एक लाकडी फळी, तिच्यावर उभा मी, आणि माझ्यासमोर आडवा बसवलेला एक पत्रा. एवढाच माझा पसारा.

माझं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. फळीवर एक कागद लावतात. त्यावर दुहेरी रेघांचा तारा छापलेला असतो. समोर बसणाऱ्यानं त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवून तारा पुरा करायचा. गोम अशी, की पत्र्याआड गेल्यामुळे त्याला स्वतःचा हात दिसत नाही. दिसतो तो फक्त माझ्यात. आणि मी पडलो आरसा! पेन्सिल पुढे ढकलली की माझ्यात ती मागे येते, मागे ओढली की पुढे जाते. भलेभले इथे हात टेकतात. रेघेबाहेर गेलं की चूक. चुका मोजायच्या, वेळ बघायचा, पुन्हा करायला लावायचं. सरावानं माणूस सुधारतो का, ते तपासायचं. याला म्हणतात प्रयोग.

आरशाला कान कुठून आले असं विचारू नका. भिंतीला असतात ते तुम्हाला चालतं, मग मला का नसावेत? कुणाचं काय चाललंय हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे मात्र कबूल. पण जे समोर येतं तेवढंच मी परत देतो. पदरचं घालत नाही.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. शाळा-कॉलेजांची लाकडी सामग्री करणारा तो माणूस. त्यानं काच चौकटीत बसवली, चारी बाजूंनी पट्ट्या ठोकल्या, आणि पहिलं काम काय केलं, तर माझ्यात बघून दात टोकरले. मागून त्याची बायको म्हणाली, "अहो, आरसा गिऱ्हाइकाचा आहे. दात घरी टोकरा." हे माझ्या कानांवर पडलेले पहिले शब्द. नवरा-बायकोचं बोलणं ऐकायची खोड मला तेव्हापासूनची.

कॉलेजात आलो तेव्हा एक जुने सर होते. ते मला पिवळ्या फडक्यात गुंडाळून ठेवत आणि मुलांना हात लावू देत नसत. "फुटेल," म्हणत. मी फुटलो नाही, पण कामालाही आलो नाही. मुलं घरी बसूनच मनानं आकडे रचायची आणि वहीत उतरवायची. सर निवृत्त झाले, आणि मग मी नुसताच पडून राहिलो. कपाटातल्या झुरळांनी तेवढं माझ्यात तोंड बघितलं.

मग मॅडम आल्या. बारीक अंगाच्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी फडकं काढलं, मला ओल्या कागदानं पुसलं, मग कोरड्यानं पुसलं, आणि पहिल्याच दिवशी वर्गातल्या टेबलावर ठेवलं. तेव्हा माझं आयुष्य खऱ्या अर्थानं सुरू झालं.

माणसं माझ्यासमोर कशी वागतात, हे आता मला तोंडपाठ आहे. बसल्याबसल्या आधी सगळे केस नीट करतात. मग पेन्सिल हातात घेतात आणि हसतात, "एवढंच ना?" पहिली तिरकी रेघ आली की हसू जातं. कुणी म्हणतं, पेन्सिलीला टोक नाही. कुणी म्हणतं, टेबल हलतंय. एक धिप्पाड मुलगा तर म्हणाला, "मॅडम, आरसा खराब आहे." चूक स्वतःच्या हाताची आहे, हे सगळ्यांत शेवटी सुचतं, आणि कित्येकांना तर तेव्हाही सुचत नाही.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षीच्या पहिल्या तासाला मॅडमनी नेहमीप्रमाणे आपल्या अपेक्षा सांगितल्या.

"वाचून यायचं. मी इथे वाचून दाखवणार नाही. प्रयोग जोडीनं करायचे, एकानं प्रयोग घ्यायचा, दुसऱ्यानं द्यायचा, मग अदलाबदल. प्रयोग देणाऱ्याला आपण प्रयुक्त म्हणतो. प्रयुक्ताचं नाव कुठेही लिहायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. आकडे आले तसे लिहायचे. सुंदर आकडे मला नकोत. प्रयोग झाला की प्रयुक्ताला विचारायचं, कसं वाटलं? तो जे बोलेल ते शब्दाला शब्द उतरवायचं. मध्ये तोंड घालायचं नाही. आणि वार्षिक प्रात्यक्षिकाला बाहेरचा प्रयुक्त आणायचा. या कॉलेजचा नको, आणि हे साधन त्यानं आधी कधी बघितलेलं नको. प्रयुक्त नसेल तर गैरहजेरी. गैरहजेरी म्हणजे नापास."

मुलांनी सुस्कारा टाकला. मॅडम पुढे म्हणाल्या, "आणि शेवटचं. इथे शिकाल ते घरी नेऊन माणसांवर चालवू नका. पहिल्या वर्षात प्रत्येकाला वाटतं, आपल्याला सगळ्यांची मनं कळायला लागली. काही कळलेलं नसतं."

पहिल्या बाकावर बसलेल्या बाईंनी हे वाक्यसुद्धा लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. त्या काकू. अख्खा वर्ग त्यांना काकू म्हणायचा, कारण वर्गातल्या मुलींच्या आयांच्या वयाच्या होत्या त्या. पुढे मॅडमही म्हणायला लागल्या.

काकू एका बालवाडीत मदतनीस होत्या. मुलांची नाकं पुसायची, चपला जागेवर लावायच्या, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचं. तिथल्या मोठ्या बाईंनी त्यांना सांगितलं होतं, "पहिल्या वर्षाचं मानसशास्त्र पास हो. वर्ग तुझ्या ताब्यात देते." स्वतःचा वर्ग! स्वतःचा फळा, स्वतःची मुलं, हजेरी घेताना आपला आवाज. काकूंना तेवढंच हवं होतं. ते त्या कुणी विचारो न विचारो, सगळ्यांना सांगायच्या.

काकूंची जोडी लागली एका मुलीशी. तिला वर्गात 'घाई' म्हणत. ती प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायची आणि जिना उतरताना दोन पायऱ्या गाळायची. मनानं निर्मळ, पण जिभेला हाड नाही.

घाई माझ्यासमोर बसली, काकू बाजूला घड्याळ घेऊन. घाईची पेन्सिल पहिल्याच टोकाला अडकली. तिथल्या तिथे रेघोट्यांची गिचमिड सुरू झाली.

"अगं इकडे! इकडे ओढ! तिकडे नाही, बाई!" काकू ओरडल्या.

मॅडम मागेच उभ्या. "काकू, प्रयोग घेणाऱ्यानं मदत करायची नसते."

"पण मॅडम, तिला जमत नाहीये हो."

"जमत नाहीये, तेच तर बघायचंय."

काकूंनी ओठ मिटले. पण त्यांचे हात थांबेनात. हवेतच घाईसाठी पेन्सिल वळवत होत्या. मला सगळं दिसत होतं. गप्प बसणं हा काकूंचा खरा विषय होता, आणि त्यात त्या कच्च्या होत्या.

बाकी अभ्यासात मात्र त्यांच्यासारखी दुसरी नव्हती. धडा वाचून यायच्या, तोही मोठ्यानं वाचून. शंका विचारायच्या. स्मरणशक्तीचा धडा झाला तेव्हा त्यांनी विचारलं, "मॅडम, सासूबाईंना माझ्या लग्नातली माझ्या माहेरची चूक आठवते आणि कालची औषधाची गोळी आठवत नाही, ते यातच बसतं का?" वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, "बसतं. पण त्यांना सांगू नका."

मग प्रबलनाचा धडा आला. म्हणजे असं, की एखाद्या वागण्याच्या पाठोपाठ काही चांगलं मिळालं, तर ते वागणं वाढतं. पिंजऱ्यातला उंदीर खटका दाबतो, दाणा मिळतो, मग तो पुन्हा दाबतो. काकूंचे डोळे चमकले. मला तेव्हाच कळलं की आता कुणाचं तरी काही खरं नाही.

काकूंचे यजमान किल्लीवाले होते. चौकात छपराखाली टेबल टाकून किल्ल्या बनवायचे. बोलणं कमी, हात मात्र असा, की कुलपात नुसतं डोकावून किल्लीला दात पाडायचे. घरी एकच खोड. चहा पिऊन कप खुर्चीखाली ठेवायचा आणि विसरायचा. त्या कपावरून इतकी वर्षं काकूंचं तोंड चालू होतं, आणि कप खुर्चीखालीच होता.

आता काकूंनी तोंड बंद केलं. यजमान चुकून कप उचलून मोरीपाशी घेऊन गेले, की म्हणायच्या, "वा! किती नीटनेटकं काम!" मध्येच म्हणायच्या, "तुमच्यासारखं कुणी नाही हो." कप खुर्चीखाली राहिला, तर काहीच बोलायचं नाही. आणि दर प्रयोगाच्या तासाला, मला टेबलावर मांडता मांडता, घाईला बातमी.

"काल दोन्ही वेळा नेला."

"दोन्ही? काकू, काय सांगताय!"

"आणि वर स्वतः विसळला. मी फक्त म्हटलं, अगंबाई!"

घाई पोट धरून हसायची. मीही बघत होतो. काकूंचा चेहरा खुललेला असायचा, पण तो नवऱ्याच्या कौतुकानं नव्हे. गणित सुटल्यावर खुलतो, तसा. मॅडमच्या ज्या वाक्याखाली त्यांनी रेघ मारली होती, ते त्यांच्या डोक्यातून पार गेलं होतं. लिहून ठेवलं की पाळलं, असं पुष्कळांना वाटतं.

एके दिवशी घाई पुस्तक परत द्यायला काकूंच्या घरी गेली. त्याच क्षणी यजमान हातात कप घेऊन मोरीकडे निघालेले. घाई दारातूनच ओरडली, "अय्या काका! तुम्ही तर आमच्या उंदरापेक्षा लवकर शिकलात!"

पुढचं मला काकूंनी सांगितलं. म्हणजे घाईलाच सांगितलं, माझ्यासमोर, खाली बघून. यजमानांनी विचारलं, कुठला उंदीर? घाईनं सांगून टाकलं. सगळं, काकूंनी वहीत काढलेल्या कपांच्या आलेखासकट. त्यांनी कप तिथेच, खिडकीत ठेवला. घाई गेल्यावर एकच विचारलं, "म्हणजे ते वा-वा पुस्तकातलं होतं?"

काकूंनी म्हटलं, "पण तुमची सवय तर सुटली ना?"

"तसं विचारलं नव्हतं," ते म्हणाले. आणि त्या दिवसापासून बोलणं बंद.

"काकू, मी माफी मागू का त्यांची?" घाई रडवेली झाली होती.

"तू कशाला? तू खोटं थोडंच बोललीस."

वर्ष संपत आलं. वार्षिक प्रात्यक्षिकाची तारीख फळ्यावर लागली. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा काकूंच्या वाट्याला मीच आलो. ताऱ्याचा प्रयोग, बाहेरचा प्रयुक्त. काकू खूश झाल्या. मी त्यांच्या ओळखीचा होतो ना! पण दुसऱ्याच आठवड्यात त्या तोंड उतरवून आल्या.

"घाई, माझी पंचाईत झाली गं."

"काय झालं?"

"मला माणूस मिळत नाहीये."

"एवढ्या मोठ्या वस्तीत?"

"सगळ्यांना मी सांगून बसलेय!"

झालं होतं असं, की वर्षभर काकूंनी ज्याला त्याला माझं वर्णन ऐकवलं होतं. नुसतं वर्णन नाही. घरातला दाढीचा आरसा टेबलावर उभा करून, समोर पुठ्ठा धरून, कागदावर तारा काढून, शेजाऱ्यापाजाऱ्यांना खेळायला बसवलं होतं. बालवाडीतल्या बायकांना बसवलं. दूधवाल्याला बसवलं. धाकट्या जावेला फोनवर समजावून सांगितलं, आणि तिनं तिकडे आपल्या अख्ख्या घराला खेळवलं. शेजारीण तर म्हणाली, "मला ने ना! मी आता दोन्ही हातांनी तारा काढते." ज्यानं हे साधन कधी बघितलेलं नाही, ज्याला ठाऊक नाही, असा माणूस काकूंच्या ओळखीत उरलाच नव्हता. स्वतःच्याच उत्साहानं त्यांनी सगळी माणसं वापरून टाकली होती.

"ज्याला सांगितलं नाही, असं कुणीच नाही?" घाईनं विचारलं.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एकच आहे. त्यांना आधी ऐकायला वेळ नव्हता, आणि आता ते माझ्याशी बोलत नाहीत."

काकूंनी घरी विचारलं, आणि काय झालं ते माझ्यासमोरच घाईला सांगितलं. यजमान किल्ल्यांचा जुडगा लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "पिंजऱ्यातल्याला विचारतात होय? मला वाटलं, नुसतं दाणे टाकतात."

काकूंनी पुन्हा विचारलं नाही. घाई म्हणाली, रस्त्यावरचा कुणीही धरून आणू. मॅडम म्हणाल्या, चालेल, पण परीक्षेची वेळ गाठा. घाईनं आपल्या एका मामांना तयार केलं.

परीक्षेच्या दिवशी मला खोलीच्या दाराजवळच्या टेबलावर मांडलं होतं. दार उघडं. बाहेरचे परीक्षक आले होते, जाड चष्म्याचे, हळू चालणारे एक सर. प्रत्येक टेबलापाशी एक विद्यार्थी आणि समोर त्याचा प्रयुक्त. कुणाचा भाऊ, कुणाची मावशी, कुणाच्या इमारतीचा वॉचमन. माझ्या एका बाजूला काकू, हातात घड्याळ. समोरची खुर्ची रिकामी.

घाईचे मामा आलेच नव्हते. घाई आपल्या टेबलावरून नुसती डोळ्यांनी माफी मागत होती.

परीक्षकांनी यादीवरून मान उचलली. "प्रयुक्त?"

"येतील, सर," काकू म्हणाल्या. कोण येतील, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"आपण सुरू करतोय."

काकूंनी कागद नीट लावला. पेन्सिलीचं टोक बघितलं. पुन्हा कागद काढला, पुन्हा लावला. मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. नियम त्यांचाच होता, त्या काही बोलू शकत नव्हत्या. बालवाडीतला तो फळा, ती हजेरी, सगळं त्या रिकाम्या खुर्चीवर येऊन अडकलं होतं.

आणि दारात यजमान उभे राहिले. कामाच्या कपड्यांत. बोटांना किल्ल्यांचं काळं तेल.

ते आत आले आणि खुर्चीवर बसले. माझ्यात त्यांचा चेहरा पहिल्यांदा दिसला. त्यांनी केस नीट केले नाहीत. इतक्या वर्षांत असा हा एकच.

काकूंनी घड्याळ नीट धरलं. त्यांनी छापील सूचना वाचली. "तुमच्यासमोर एक तारा आहे. आरशात बघून, दोन रेघांच्या मधून, जमेल तितक्या लवकर आणि जमेल तितक्या अचूक पेन्सिल फिरवा. पेन्सिल उचलू नका. सुरू करा."

त्यांनी पेन्सिल धरली. तो हात बघण्यासारखा होता, बारीक काम करणाऱ्याचा, जराही न कापणारा. पहिली रेघ सुटली आणि सरळ ताऱ्याबाहेर गेली. ते थांबले. परत आणायला गेले, ती आणखी लांब गेली. कपाळावर आठी आली.

"हे असं का होतंय?"

काकूंनी सूचना वाचली. "जमेल तसं पुढे चालू ठेवा."

"अगं, पण हात ऐकत नाहीये."

"जमेल तसं पुढे चालू ठेवा."

तिसऱ्या टोकाला ते अडकले. जागच्या जागी पेन्सिल घासत राहिले, कागदाला भोक पडतंय की काय असं वाटलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ज्या हातावर अख्ख्या चौकाचा भरवसा, तो हात चार लोकांसमोर पोरकट दिसत होता. मी काकूंकडे बघत होतो. त्यांची बोटं पदराखाली आवळलेली होती. ओठ हलले. इकडे ओढा, एवढंच म्हणायचं होतं. वा, म्हणायचं होतं. काहीच म्हणाल्या नाहीत.

पुष्कळ वेळानं पेन्सिल वळली. कशी, ते त्यांनाही कळलं नसावं. मग उरलेला तारा रखडत, खरडत पुरा झाला. काकूंनी वेळ टिपला, चुका मोजल्या, दुसरा कागद लावला. दुसरा पहिल्याहून थोडा बरा झाला. तिसरा दुसऱ्याहून वाईट. काकूंनी आले तसे आकडे लिहिले.

आता निवेदन. काकूंनी कोरा कागद पुढे ओढला. "प्रयोग करताना तुम्हाला काय वाटलं, ते सांगा."

परीक्षक सर येऊन बाजूला उभे राहिले होते. यजमानांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग माझ्याशीच बोलावं तसं बोलले.

"लाज वाटली. हात आपला, आणि आपलाच नाही."

काकू लिहीत होत्या.

"कुणी काही बोलत नव्हतं, ते बरं वाटलं. वाईट झालं की वाईट, एवढं तरी कळतं."

काकू लिहीत होत्या.

"मगाशी मी गेटपाशी उभा होतो. बराच वेळ." ते थांबले. "खरं सांगायचं तर, प्रयोग घेणारी नापास व्हावी असं वाटत होतं. आत गेलो नाही की झालं. मग सगळं पहिल्यासारखं. मग म्हटलं, पहिल्यासारखं म्हणजे कसं? तर ते काही आठवेना. म्हणून आत आलो."

काकूंची लेखणी थांबली. वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं इतकं लांब बोलणं त्यांनी कधी मध्ये तोंड न घालता ऐकलेलं नसावं. डोळे भरले असतील, नसतील. त्या खाली वाकलेल्या होत्या, मला त्यांचा भांगच दिसला. मग लेखणी पुन्हा चालली. नापास व्हावी असं वाटत होतं, हे वाक्यही त्यांनी गाळलं नाही. ठरलेला शेवटचा प्रश्न विचारला, "आणखी काही सांगायचंय?"

"नाही. पेन्सिल बोथट झालीये, बदला."

काकूंनी तेही लिहिलं.

परीक्षकांनी कागद उचलला. चष्मा वर करून वाचला. यजमानांकडे बघितलं, काकूंकडे बघितलं.

"हे असंच म्हणाले?"

"हो सर. शब्दाला शब्द."

"हे तुमचे कोण?"

खोलीत घाईसह निम्म्या वर्गाला ठाऊक होतं. यजमानांनी मान खाली घातली. आपल्या वाक्याखाली आता आपलं नाव लागणार, असं त्यांना वाटलं असावं.

काकू उभ्या राहिल्या. "सर, प्रयुक्ताची ओळख सांगायची नसते."

सर परीक्षा बघत होते की सहज विचारत होते, मला सांगता येणार नाही. माणसाच्या मनात शिरायचं साधन मी नाही. त्यांनी चष्मा खाली केला, "बरोबर," म्हणाले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

यजमान उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळानं काकू गेल्या. दार उघडंच होतं, आणि मी कान बंद करू शकत नाही.

यजमान म्हणाले, "लिहिलंस सगळं?"

"लिहायचं असतं."

"हं." खिशातल्या किल्ल्या वाजल्या. "ते तिसरं टोक होतं ना, जिथे अडकलो. तिथे मी फार वाकडा गेलो होतो का?"

काकूंनी जरा विचार केला. "फार," त्या म्हणाल्या.

"किती फार?"

"बालवाडीतली मुलं गिरवताना जातात, त्याहून फार."

यजमान हसले. मी त्यांना त्याआधी हसताना बघितलं नव्हतं, आणि तेव्हाही बघितलं नाही. नुसतं ऐकलं. मग काकूही हसल्या. मग चपलांचे आवाज जिन्यावरून खाली गेले.

काकू पास झाल्या. घाईनं ती बातमी ओरडत आणली, तेव्हा ती जिन्यावरून पडता पडता वाचली. पहिल्या वर्गात वगैरे नाही, आपल्या काठावरून जरा आत. पण बालवाडीतला वर्ग मिळाला. पुढे त्या एकदा मॅडमना भेटायला आल्या होत्या. हातांना खडू लागलेला होता. माझ्यासमोरून गेल्या, थांबल्या, केस नीट केले आणि गेल्या. मला ओळखलं की आरसा दिसला म्हणून थांबल्या, ते तुम्ही ठरवा.

आता माझे दिवस भरत आलेत. कोपऱ्यातला पारा उडून काळे डाग पडलेत. फळीचा एक पाय लंगडा झालाय, त्याखाली पुठ्ठ्याची घडी घालतात. टेबलाशेजारी संगणक आलाय. त्याच्या पडद्यावरही तारा दिसतो, आणि चुका तो आपोआप मोजतो. मुलांना तो आवडतो. कुणी घड्याळ घेऊन बाजूला बसायची गरज पडत नाही. मॅडम म्हणतात, दोन्ही असू देत. पण मॅडमही आता निवृत्तीला आल्यात, आणि त्यांच्या मागून येणारे काय म्हणतील, कुणास ठाऊक. माझी तक्रार नाही. भंगारात गेलो, तर तिथेही कुणी ना कुणी केस नीट करील.

जायच्या आधी एवढंच मागणं आहे. तुमच्यासमोर कुणी चुकायला लागलं, तर लगेच हात धरू नका, आणि नसलेलं कौतुकही करू नका. घड्याळ हातात घेऊन जरा बाजूला बसा. पुष्कळदा पेन्सिल वळते. नाही वळली, तर तसं लिहा.